प्रेरक वाङ्मयातील कर्ता

यशाचा मार्ग दाखविणारे वाङ्मय मराठीत आता विपुल झाले आहे. शिव खेरा यांच्या इंग्रजी पुस्तकाचे ‘यश तुमच्या हातात’ हे भाषांतर वाचकांना परिचित आहे. तेच प्रतिपादन आता इन्फ्लुएन्सर म्हणविणाऱ्यांच्या दीड-दोन मिनिटांच्या चित्रफितींतून मोबाइलवर येते. या उपदेशाच्या नीतीची चर्चा आपण करतो. त्याच्या वाक्यरचनेकडेही पाहावयास हवे.

‘मला नोकरी मिळाली’ या वाक्यात ‘मला’ हे पद चतुर्थ्यंत आहे; क्रियापद चालते ते ‘नोकरी’प्रमाणे. बोलणारा प्राप्तीचा धनी असतो, एकमेव कारण नसतो. जागा निघणे, शुल्क भरता येणे, या गोष्टींना त्या रचनेत वाव राहतो. प्रेरक वाङ्मय ‘मिळणे’च्या जागी ‘मिळविणे’ आणि ‘घडणे’च्या जागी ‘घडविणे’ योजते. ही रूपे मराठीतलीच आहेत, त्यांच्याशी आपले वैर नाही. परंतु यशाचा कर्ता एकटा ‘तू’ ठरला की अपयशाचाही तोच ठरतो, आणि ‘जागाच निघाल्या नाहीत’ हे साधे विधान सबब वाटू लागते.

याहून उद्बोधक आहे तो ‘परिस्थिती’ हा शब्द. ‘शिकायची परिस्थिती नव्हती’ असे आपल्याकडे विशेषणावाचून म्हणतात आणि ऐकणाऱ्यास सर्व कळते: जमीन किती, जात कोणती, शाळा किती कोसांवर, आईची मजुरी किती. प्रेरक भाषणात हाच शब्द ‘परिस्थितीवर मात केली’ असा येतो, आणि बहुधा भूतकाळात. कारण व्यासपीठ जिंकलेल्यासच मिळते. गडचिरोलीहून येऊन रामदासपेठेत भाड्याच्या खोलीत स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा आणि त्याच पेठेत स्वतःच्या घरात राहणारा, या दोघांना उद्देशून ‘तू’ एकच असतो.

यावर कोणी म्हणेल की स्वावलंबनाचा उपदेश दुबळ्यांनाच अधिक हवा. हा आक्षेप वजनदार आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित वर्ग परिषदेत डॉ. आंबेडकरांनी शिकण्याचा, चळवळ करण्याचा व संघटित होण्याचा उपदेश केला, आणि स्वतःवर विश्वास ठेवावयासही सांगितले. आज्ञार्थ तेथेही आहे. पण ‘तुमच्या हातात’ मधील बहुवचन निव्वळ आदरार्थी आहे, वाचक एकटाच. ‘संघटित व्हा’ मधील बहुवचन खरे आहे, ती क्रिया एकट्याने होतच नाही.

गंमत अशी की सॅम्युअल स्माइल्सच्या ‘सेल्फ-हेल्प’ (१८५९) या आद्य ग्रंथाचे मूळही अशाच बहुवचनात आहे. लीड्सच्या कामगार तरुणांनी परस्परांच्या उन्नतीसाठी स्वतः चालविलेल्या सायंवर्गापुढील व्याख्यानांतून तो निघाला. वर्ग अनेकांनी मिळून काढला होता. ग्रंथात ठळक झाली ती एकेका कर्तबगार पुरुषाची चरित्रे.

एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी अशा शंभरेक चित्रफितींचे लिप्यंतर करून ‘मला’ आणि ‘मी’ यांची मोजणी करावी, आणि शेजारी आपापल्या गावच्या बोलीतील ‘परिस्थिती’चे प्रयोग मांडून पाहावेत.