‘भोसरी’त अक्षरे किती?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका शाळेत मोठ्या मुलांच्या संगणकाच्या तासाला आम्ही बसलो होतो. विषय होता जावा भाषेतील स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. फळ्यावरचा प्रश्न नेहमीचाच: दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचला जातो का, हे तपासणारी आज्ञावली लिहा. ‘लेव्हल’, ‘मॅडम’ हे पुस्तकातले शब्द रोमन लिपीत घालून झाले. मग एका मुलीने देवनागरीत ‘मामा’ घातले. उत्तर आले, ‘नाही’. ‘काका’ आणि ‘नवजीवन’ यांनाही नाहीच. ‘सरस’ तेवढा उत्तीर्ण झाला. ‘‘सर, कॉम्प्युटरला मराठी नीट येत नाही,’’ असा निष्कर्ष तिने काढला, आणि सरांनी पुढचा प्रश्न घेतला.

तिची आज्ञावली पुस्तकाबरहुकूम बिनचूक होती. दोष पुस्तकी पाठाचा आहे, असे आमचे मत आहे. स्ट्रिंगची लांबी सांगणारी ‘लेंग्थ’ ही क्रिया म्हणजे ‘शब्दातील अक्षरांची संख्या’, असे हे पाठ बेधडक शिकवतात. ‘भोसरी’वर ती चालवून पाहावी. आपल्या डोळ्यांना अक्षरे ३ दिसतात. जावा सांगते ५. कारण भ, ओकाराची खूण, स, र आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेत ती मोजते. स्टोअरमधून नट-बोल्टचे ३ जोड मागवावेत आणि कारकुनाने सुटे नग मोजून द्यावेत, तसा हा प्रकार. शब्द उलटा केला तर आणखी गंमत होते. आरंभी निराधार वेलांटी, मग र, मग ‘सो’ आणि शेवटी उघडाबोडका भ! भ-चा ओकार स-ने पळवला. ‘मामा’ का नापास झाले, हे आता सांगायला नको. ‘सरस’मध्ये काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही, म्हणून तो सुटला. मराठी पाठांत असेच बिनकान्याचे शब्द उदाहरणादाखल दिले, की दोष झाकलेला राहतो.

येथे जावाला सरसकट दूषण देणे अन्यायाचे होईल. १९९५ मध्ये ही भाषा जाहीर झाली तेव्हापासूनच तिने युनिकोड स्वीकारला. त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या इस्की संकेतावरूनच घेतलेली आहे. मात्रा वेगळ्या ठेवणे हेही शहाणपणाचेच. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आणि सगळी जोडाक्षरे यांना स्वतंत्र क्रमांक द्यायचे म्हटले, तर हजारो क्रमांक लागतील. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ विभाग अवघ्या १२८ जागांचा आहे. शिवाय ‘लेंग्थ’ संकेत मोजते, हे जावाच्या अधिकृत वर्णनात स्पष्ट लिहिलेले आहे. पाठ्यपुस्तकांनी त्याचे ‘अक्षरे’ करून टाकले.

आमची तक्रार दुसरी आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचे वचन असे, की वस्तूच्या पोटात काय आहे, याची फिकीर वापरणाऱ्याने करू नये. लेथ चालवणारा कारागीर गिअरबॉक्स उघडून बसत नाही. स्ट्रिंगच्या बाबतीत मराठी माणसाला मात्र तो उघडावाच लागतो. सोळा बिटांत न मावणारी चिन्हे जावा संकेतांच्या जोडीने साठवते. शब्द उलटा करताना या जोड्या फुटू नयेत, याची काळजी २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘रिव्हर्स’ ही क्रिया घेते. व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्यासाठी तशी सोय तिच्यात नाही. हे आम्हाला खटकते.

समानतेचीही तीच कथा. ‘वऱ्हाड’मधील ऱ एका संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘इक्वल्स’ ही क्रिया त्यांना वेगळे ठरवते. कारखान्याच्या हजेरीपटात ‘कऱ्हाडे’ आडनाव दोघांनी दोन तऱ्हांनी भरले, तर शोधताना एकच नोंद सापडेल. तुलनेपूर्वी दोन्ही शब्द एकाच रूपात आणणारा ‘नॉर्मलायझर’ जावात २००६ पासून आहे. पाठांत त्याचा उल्लेख आम्हाला क्वचितच आढळला.

अक्षरे मोजण्याचे साधनही आहे. ‘ब्रेकइटरेटर’ हा वर्ग वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांच्या सीमा शोधतो आणि ‘भोसरी’चे ३ तुकडे देतो. जोडाक्षरांचे कोडे अधिक अवघड होते. ‘क्ष’ला एकच घटक मानणारा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. तेव्हा आवृत्तीनुसार उत्तर बदलू शकते. मुलांनी ते आपल्या यंत्रावर स्वतः पाहावे.

त्या मुलीच्या आज्ञावलीत पाच-सहा ओळी बदलल्या, आधी अक्षरे सुटी केली आणि मग क्रम उलटला, की मामा, काका आणि नवजीवन तिन्ही उत्तीर्ण होतात. देवनागरीतील ‘मॅडम’ मात्र आता हक्काने नापास होते: आरंभी मॅ आहे, शेवटी म.