वेठ कोणाची, दोष कोणाचा?

कांहीं ग्रंथांची कीर्तिच त्यांच्या वाचनाच्या आड येते. चेक नाटककार कारेल चापेक याच्या 'आर. यू. आर.' या नाटकाचें असेंच झालें आहे. २५ जानेवारी १९२१ रोजीं तें प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहांत रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील 'रोबो' हा शब्द थोड्याच काळांत जगभर पसरला. हा शब्द चापेकला त्याच्या योसेफ या भावानें सुचविला होता. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे कुळानें जमीनदाराकडे करावयाची सक्तीची मजुरी. आपल्याकडे जिला वेठ म्हणत, तीच ही. आज कृत्रिम बुद्धीची चर्चा निघाली कीं या नाटकाचें नांव हटकून निघतें, आणि यंत्रें एके दिवशीं धन्यावर उलटतील हें चापेकनें आधींच सांगून ठेविलें होतें, असें म्हणून लोक मोकळे होतात. आमच्या मतें हें नाटकाचें अर्धेंच वाचन होय. आणि उरलेलें अर्धें अधिक मोलाचें आहे.

कथानक थोडक्यांत असें: एका दूरच्या बेटावर कारखाना आहे. तेथें माणसासारखे दिसणारे, परंतु भावना नसलेले कामकरी घडविले जातात. व्यवस्थापक डोमिन हा दुष्ट नाहीं. माणसाची कष्टांतून सुटका व्हावी, हें त्याचें स्वप्न आहे. शास्त्रज्ञ गाल हेलेनेच्या विनंतीवरून कांहीं यंत्रमानवांत गुप्तपणें फेरफार करतो. हेलेनेचा हेतु दयेचा आहे. व्यापारविभागाचा संचालक बुसमन मागणीप्रमाणें माल पुरवितो. जगांतील सरकारें या मालास शस्त्रें देऊन सैन्यें उभारतात. शेवटीं यंत्रमानव बंड करतात आणि माणसांचा संहार होतो. हातानें विटा रचणारा आल्क्विस्ट तेवढा उरतो.

नाटकाचें मर्म मात्र बंडांत नसून अखेरच्या हल्ल्यापूर्वींच्या एका प्रवेशांत आहे. शत्रूनें घर वेढलें असतां आंत कोंडलेलीं माणसें, हें कोणामुळें झालें, याचा विचार करूं लागतात. गाल आपला अपराध कबूल करतो. हेलेना तो स्वतःवर घेते. बुसमन हिशेब मांडून दाखवितो कीं, बदललेले यंत्रमानव मूठभर, तेव्हां त्यांना महत्त्व नाहीं. खरा दोष संख्येचा, आणि संख्या तर मागणीनें ठरते. प्रत्येकाचें म्हणणें थोडें थोडें खरें आहे, आणि म्हणूनच दोष वांटतां वांटतां जणूं नाहींसाच होतो. हा प्रवेश वाचून आम्ही अस्वस्थ झालों, तो यंत्रांच्या भयानें नव्हे.

कारण असाच प्रवेश पुढें खऱ्या जगांत घडला. नेदरलंड्समध्यें बालसंगोपनाच्या सरकारी साहाय्यांत लबाडी शोधण्यासाठीं करखातें अनुभवावरून स्वतः शिकणारी एक गणकयंत्रप्रणाली वापरीत असे. ती प्रत्येक अर्जास संशयाचा आंकडा देई, आणि अर्जदार डच नागरिक आहे कीं नाहीं, हीहि गोष्ट त्या आंकड्यांत धरली जाई. तपासणाऱ्या अधिकाऱ्यास आंकडा दिसे, कारण दिसत नसे. कागदांतील क्षुल्लक चुकीसाठीं हजारों पालकांवर लबाडीचा शिक्का बसला. कित्येकांकडून लाखों रुपयांच्या मोलाच्या रकमा परत मागण्यांत आल्या, आणि संसार मोडले. डिसेंबर २०२० मध्यें संसदेच्या समितीनें दोष दिला तो मंत्र्यांना, कायदे करणाऱ्यांना आणि न्यायाधीशांनाहि. १५ जानेवारी २०२१ रोजीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. प्रागच्या त्या प्रयोगास शंभर वर्षें पुरीं होण्यास तेव्हां दहा दिवस उणे होते.

चापेकचें सामर्थ्य आणि त्याची उणीव या घटनेच्या उजेडांत एकदमच दिसतात. यंत्रांस बंड करावयास लावून त्यानें माणसास समोर दिसणारा शत्रु दिला. हेग येथें कोणतेंहि यंत्र उलटलें नाहीं. तें सांगितल्याबरहुकूम वेठ करीत राहिलें. शेवटच्या अंकांत दोन यंत्रमानवांत प्रेम उपजतें आणि नव्या सृष्टीचा आरंभ होतो. हा शेवट गोड आहे, परंतु आम्हांस तो पळवाटेसारखा वाटतो. ज्या प्रश्नानें घर हादरलें, त्याचें उत्तर न देतांच नाटककार उठून जातो.

तें उत्तर शोधण्याचें काम आतां कायद्याकडे आलें आहे. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका न्यायालयांत दोन वकिलांनीं कृत्रिम बुद्धीनें रचलेले खोटे निवाडे आधार म्हणून दाखल केले. न्यायाधीशांनीं यंत्रास बोल न लावतां वकिलांस व त्यांच्या पेढीस मिळून ५,००० डॉलर दंड केला. सही ज्याची, जबाबदारी त्याची! हा जुना न्याय येथें पुरला, कारण सही करणारा सांपडला. जेथें सही शंभर हातांत वांटलेली असते, तेथें काय? युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यांत, लोकांची सरकारी साहाय्यास पात्रता ठरविणाऱ्या यंत्रणा अति-जोखमीच्या ठरविल्या असून त्यांवर मानवी देखरेख आवश्यक मानली आहे. तत्त्व योग्य आहे. परंतु देखरेख करणाऱ्यास आंकडा नाकारण्याचा अधिकार, तेवढा वेळ आणि तेवढें धैर्य नसेल, तर तो देखरेख करणारा नव्हे, केवळ शिक्का मारणारा होय.

हा परक्यांचा प्रश्न म्हणून दूर सारतां येणार नाहीं. आपल्याच घरचीं मुलें आज पुण्यांत आणि परदेशांत अशीं यंत्रें घडवीत आहेत. आपल्यांतलेच कोणी पेढींत, कचेरींत किंवा शाळेंत त्यांच्या आंकड्यांवर निर्णय देत आहेत. डोमिन, गाल आणि बुसमन हे आपल्या पंक्तीचेच सुशिक्षित, सद्धेतूचे लोक होते. म्हणून हें नाटक घरांत मोठ्यानें वाचावें, आणि त्या दोषवांटणीच्या प्रवेशापाशीं थांबून प्रत्येकानें स्वतःस विचारावें कीं, माझ्या सहीनें ज्याचें नुकसान होईल, तो मनुष्य दाद मागण्यास आला, तर दार उघडावयास मी घरांत असेन काय?