शेमा : श्रवणाची प्रार्थना

प्रार्थना म्हणणाऱ्यास तिच्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल, तर ती त्याच्यापुरती अर्थशून्य ठरते काय? कोशाच्या कसोटीने 'ठरते' असेच म्हणावे लागेल. परंतु कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास या उत्तराला सहजासहजी मान्यता देत नाही.

'शेमा' हे तोरातील पाचव्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन. हिब्रूत ते अवघे सहा शब्दांचे. ईश्वराचे एकत्व हा त्याचा आशय. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाणारे कुलाबा जिल्ह्यातील हे लोक मराठी बोलत. हिब्रू ते विसरून गेले होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून झाला व १९३७ साली प्रसिद्ध झाला. समाजाजवळ हिब्रू प्रार्थनांपैकी एवढी एकच उरली होती, असे त्यात नमूद आहे. सुंता असो, विवाह असो की मृत्यू असो, प्रत्येक प्रसंगी शेमाच म्हटला जाई.

याचे रहस्य त्या वचनाच्या रचनेतच शोधले पाहिजे. शेमा म्हणजे 'ऐक'. आपले संतकवी विठ्ठलाला हाक मारतात, रामदास मनाला उपदेश करतात. येथे संबोधन देवाला नाही, एकट्या मनालाही नाही, ते समाजाला आहे. म्हणणारा स्वतः त्या समाजातलाच असल्यामुळे वक्ता आणि श्रोता एकच होतात. उजव्या हाताने डोळे झाकून हे वचन म्हणण्याची रीत आहे. दृष्टी मिटली की श्रवणच शिल्लक राहते. ज्या प्रार्थनेचा पहिला शब्दच ऐकण्याची आज्ञा करतो, ती अर्थ विसरल्यावरही नुसत्या ध्वनीने आपले कार्य करू शकली, यात मला विसंगती दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापला गेला. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रंगू लागली. अर्थ आता घरच्या भाषेत सुलभ झाला होता. तरीही सिनेगॉगमध्ये शेमा हिब्रूतच राहिला. ही केवळ सवय होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु सवयीला इतक्या पिढ्यांच्या जन्ममृत्यूंचा आधार लाभला, की तिलाच आपण परंपरा म्हणतो. भाषांतराने आशय दिला. त्या ध्वनीत साठलेले प्रसंग त्याला देता आले नाहीत.

जबलपूरसारख्या हिंदी नगरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे विशेष जाणवावे. येथील मराठी घरांतील मुले हिंदीत शिकतात, आणि दिवेलागणीला रामरक्षा म्हणताना तिचे संस्कृत त्यांना क्वचितच उमगते. पण आजीच्या आवाजातून आलेला तो नाद 'आपण कोण' हे त्यांना सांगून जातो. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. तेथे हिब्रू बाजाराची भाषा झाली. 'ऐक' हा शब्द आई मुलाला सहज म्हणू लागली. आणि जपून ठेवण्याची भाषा होण्याची पाळी मराठीवर आली. अर्थ आणि नाद यांनी अशी जागा बदलली.

समीक्षेने प्रार्थनेकडे पाहताना शब्दार्थाइतकाच हा उच्चाराचा इतिहासही संहितेचा भाग मानावा. तसे न केल्यास आपण सहा शब्द वाचू. पण ज्यांनी ते जपले, त्यांना ऐकणार नाही.