धातुशोधक यंत्राची संवेदकता व खोल पुरलेलीं नाणीं : एक परीक्षण

यंत्राची संवेदकता जितकी चढवावी तितकें अधिक खोलवरचें नाणें हातीं येतें, अशी एक समजूत नाणकसंग्राहकांत रूढ आहे. सोलापूर प्रांताच्या भूमीला लावून पाहिल्यास ती टिकत नाहीं, आणि तिचा परिणाम केवळ श्रमहानींत संपत नाहीं, हें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. त्याच्या वेटोळ्यांतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळें नाण्यांत विद्युत्प्रवाह उठतात व त्यांचा क्षीण प्रतिसाद वेटोळें पकडतें. जातांना व येतांना दोन्ही वेळां क्षेत्र मंदावतें. वेटोळ्याच्या आकाराच्या मानानें नाणें बरेंच खोल असेल, तर खोली दुप्पट होतांच प्रतिसाद सुमारें चौसष्टांश उरतो. संवेदकता हा प्रतिसाद मोठा करते खरी. पण त्याबरोबर जमिनीचा गोंगाटही तितकाच मोठा करते. गोंगाटांत बुडालेलें नाणें ती बाहेर काढीत नाहीं.

आणि येथील जमीन मोठी बोलकी आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणांत लोहचुंबकी कण असतात. त्यापासून झालेल्या काळ्या मातींतही ते उतरतात. गांवठाणाच्या पांढरींत भाजलेल्या विटा, खापऱ्या व राख यांची भर पडते, आणि भाजलेली माती अधिकच चुंबकी होते. म्हणून काळी सोडून पांढरींत पाऊल टाकतांच यंत्र नव्यानें भूमीशीं जुळवून घ्यावें. मग यंत्र बरळूं लागेपर्यंत संवेदकता चढवावी व किंचित् खालीं आणावी. खोलीसाठीं मोठें वेटोळें उपयोगी पडतें; मात्र लहान सुटें नाणें त्याच्या हातून निसटतें.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लोखंडी खिळे टाळण्यासाठीं धातु वगळण्याची योजना वापरतात. शिशाची विद्युद्वाहकता तांब्याच्या जेमतेम बारावा हिस्सा असल्यानें सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं त्या वर्जनांत सहज बळी पडतात. पेरिप्लसांत उल्लेखिलेलें तगर, म्हणजे सोलापूरच्या शेजारचें तेर, हें सातवाहनकालीन मोठें नगर. तेथें चापेकर यांनीं १९५८ सालीं उत्खनन केलें. अशा परिसरांत वर्जनाचा कांटा चढविणारा मनुष्य या भूमीचें स्वतःचें नाणेंच टाकून देतो.

आतां मुख्य प्रश्न. एकटें नाणें अतिखोल कळत नाहीं. नाण्यांनीं भरलेलें मडकें कळतें. म्हणजे खोल संकेत बहुधा निधीचा. निधीचें मोल त्याच्या समग्रतेंत असतें. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं मिळालीं. त्यांतील ९,००० हून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा पुन्हा छाप होता. क्षहरातांच्या पराभवाचा एवढा ठाम पुरावा त्या समूहांतूनच निघाला. पांच-पंचवीस संग्राहकांच्या पेट्यांत तो विखुरता, तर हें प्रमाण कोणास मोजतां आलें असतें? शिवाय काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व वरचें नाणें खालीं उतरतें. म्हणून खोलीवरून काळ ठरविणें धोक्याचें, भोवतालची नोंदच खरी साक्ष.

१९९२ सालीं इंग्लंडांत हॉक्सन येथें हरवलेला हातोडा शोधतांना एका गृहस्थास रोमन नाण्यांचा निधि लागला. त्यानें खणणें थांबवून वर्दी दिली. पुढें संशोधकांनीं सुमारें १५,००० नाणीं मांडणीसह उचललीं, व ज्या लांकडी पेटींत निधि होता तिच्याही खुणा वाचल्या. आपल्याकडे १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें १० रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची लेखी वर्दी कलेक्टरास देणें बंधनकारक आहे. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणण्यास १९५८ च्या कायद्यानें मनाई आहे. तेव्हां खोल संकेत मिळाल्यावर संवेदकता आणखी चढविण्यापेक्षां फावडें खालीं ठेवावें, जागा मापून नकाशावर नोंदवावी व अधिकाऱ्यांस कळवावें. पेटींतील नाण्याहून जागेवरचें नाणें इतिहासास अधिक सांगतें.