सरांचं ‘वेल प्लेड’

सचिन तेंडुलकरचं आत्मचरित्र, ‘प्लेइंग इट माय वे’ (2014), या दिवाळीत पातूरला घरी वाचलं. सॉफ्टवेअरच्या रिलीज नोट्स वाचल्यासारखं वाटलं: डाव, धावा, दुखापती. मुलतानला तो 194 वर असताना डाव घोषित झाला, तिथली नाराजी तेवढी खरी वाटते. मॅच-फिक्सिंगवर जवळजवळ मौन.

मग मोबाइलवर 16 नोव्हेंबर 2013 चं वानखेडेवरचं त्याचं निरोपाचं भाषण लावलं. कुणी राहून जाऊ नये म्हणून हातात नावांची यादी. पहिले वडील, 1999 मध्ये गेलेले. पुढे आचरेकर सर. पोरगं हवेत जाईल म्हणून सरांनी त्याला कधी ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. आता सामनेच उरले नाहीत, तर म्हणून टाका, असं तो त्यांना सुचवतो.

200 कसोट्या, 100 शतकं, आणि तरी एका शब्दाची वाट! प्रसिद्धीनं काय मिळत नाही, हे पुस्तकापेक्षा या दोन वाक्यांत जास्त कळतं.

माझ्या पगारवाढीवरही फक्त ‘बरं’ म्हणणारे बाबा शेजारी बसून ऐकत होते. भाषण संपल्यावर म्हणाले, “त्याचा बाप पाह्यजे होता तिथं.”