वचनांची वेचणी आणि शास्त्राचे वाचन

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या ख्रिस्तदर्शनाची हकीकत मराठी ख्रिस्ती घराघरांत ठाऊक आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. हा लोहमार्ग आमच्या भंडारा जिल्ह्यातून जातो. भंडारा रोड, तुमसर, मग वैनगंगेचा पूल आणि पुढे गोंदिया. हे गोंदिया १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत सांगताना आपण सारे त्या भाकितावरच थांबतो. आम्हांस मात्र तिचा गाभा दुसरीकडे दिसतो. टिळकांना ते पुस्तक प्रथम आवडले नव्हते. वाचीन असा शब्द दिला होता, एवढ्याचसाठी ते पेन्सिलीने खुणा करीत पुढे वाचत राहिले. नव्या कराराचा आरंभच मुळी वंशावळीने होतो. मनाला गोड लागेल तेवढेच वाचणारा तेथेच पान मिटून ठेवील. टिळकांनी ते मिटले नाही. म्हणूनच मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांत, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात, ते पोहोचले आणि तेथून त्यांना दूर होववेना. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना या तीन अध्यायांत सापडली.

आज आपल्या घरांत शास्त्राचे वाचन कमी होत चालले आहे आणि वचनांची वेचणी वाढली आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक वचन असते, सकाळी मोबाइलवर आणखी एक येते. याची आम्ही थट्टा करीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी एक ओळही मोठा आधार देते, हे आम्ही जाणतो. परंतु वेचलेले वचन आपल्याला हवे तेच बोलते. उद्याची चिंता करू नका, ही प्रभूची शिकवण घ्या. एकटी वाचली तर ती अंगाईगीतासारखी वाटते. सहाव्या अध्यायात ती जेथे आहे तेथे वाचली, तर तिच्या आधी देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हा कठोर इशारा आहे. प्रथम देवाचे राज्य शोधा, ही आज्ञाही तिला लागूनच आहे. अशा रीतीने वाचलेले वचन आपल्याला घराचा जमाखर्च पुन्हा पाहावयास लावते. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो या अर्थाने. शास्त्राने त्यांना बळ दिले, पण त्या बळाबरोबर कामही दिले.

या वाचनाची किंमत किती पडते, हे मात्र टिळकांच्या ‘अभंगांजली’तून पुरते कळत नाही. तेथे ख्रिस्ताविषयीची आर्तता आणि माया आहे. तुकोबांच्या वाणीशी असलेले नाते तर पानोपानी जाणवते. घरातली ओढाताण कळण्यास लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’च हाती घ्यावी लागतात. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या या ग्रंथाचे मोठेपण आमच्या मते असे, की लक्ष्मीबाई पतीला संतांच्या देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. त्यांचा तापटपणा, घरात पैसा न टिकू देणारी उदारता, बाप्तिस्म्यानंतरच्या वियोगाची वर्षे, हे सारे त्या सांगतात. आणि तेही हसत, कडवटपणा न आणता. त्यांचा स्वतःचा मार्गही निराळा होता. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीची मते पत्करून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले; ते त्यांच्या निधनानंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, तिने शुभवर्तमान ओवीबद्ध करावे, यापरते शास्त्रचिंतन कोणते?

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, तेव्हा त्यांचे वाचन आम्हां कॅथलिकांना कशास, असे कोणी विचारील. मराठीत ख्रिस्तचरित्र ओवीत आणण्याचा मान आपल्या फादर थॉमस स्टीफन्सचा. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. शास्त्राची दारे सर्व भाविकांना मोकळी असावीत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी स्पष्टपणे सांगितले. आपल्या मिस्सेतील रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र त्यातूनच आले. त्यातील मत्तयच्या वर्षी सामान्य काळाच्या चौथ्या रविवारपासून हेच प्रवचन आपण क्रमाने ऐकतो. दार उघडे आहे. आत जाण्याचे काम आपले.

भंडारा, तुमसर, साकोलीकडे ख्रिस्ती घरे तुरळक आहेत. शेजारी प्रश्न विचारतात, मुले त्याहून अवघड प्रश्न विचारतात, आणि वेचलेली चार वचने तेथे पुरी पडत नाहीत. आमची सूचना साधी आहे. एखाद्या शनिवारी संध्याकाळी रोझरीनंतर घरातील कोणीतरी हे तीन अध्याय सलग मोठ्याने वाचावेत. तासाच्या आत ते सहज वाचून होतात. जे पटत नाही, जे जड जाते, तेथे टिळकांसारखी पेन्सिलीने खूण करावी आणि पुढच्या शनिवारी बोलण्यास त्या खुणेपासून आरंभ करावा.