भोजनाची सोय झाली

नर्मदेच्या काठावर जेवढे घाट नसतील तेवढी नर्मदा परिक्रमेवरची पुस्तकं मराठीत आहेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत आणि तिथून पुढे, सेवानिवृत्त माणूस आणि दोन जोडी कॅनव्हासचे बूट एवढ्या भांडवलावर निघालेली कितीतरी. त्यांतली बरीचशी मी लोकलमध्ये उभ्याने वाचलेली आहेत. रजेच्या हिशेबात जाऊन येण्यापेक्षा वाचून येणं परवडतं.

या पुस्तकांतल्या आध्यात्मिक अनुभवांबद्दल मी काही बोलणार नाही. मी बी.कॉम. आहे. कोणाला पहाटे तीन वाजता पाण्यावर काय दिसलं, याला व्हाउचर नसतं. तेव्हा ते तपासायचं कसं? माझा मुद्दा पोटापाण्याचा आहे. ही माणसं जेवली कुठे, झोपली कुठे आणि झोळीतलं मीठ संपलं तेव्हा ते आणलं कुठून, एवढंच मी पाहतो.

आता नदी १३१२ किलोमीटर लांब. नियम असा की ती उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. म्हणजे ओंकारेश्वरहून निघालेल्याने दक्षिण काठाने समुद्र गाठायचा, तिथे होडीने पलीकडे जायचं, उत्तर काठाने अमरकंटकला उगमाशी यायचं आणि पुन्हा दक्षिण काठाने खाली उतरायचं. दोन्ही काठ मिळून २६०० किलोमीटरच्या वर. रोजचे वीस धरले तर १३० दिवस. दोन वेळचं जेवण धरलं तर २६० जेवणं आणि दिवसाला चार कप धरले तर ५२० चहा. हे झालं घाईच्या माणसाचं. जुन्या नियमाप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस लावणाऱ्याचा चहा मोजायला आमच्या शाखेचं यंत्रही कुरकुर करील.

ही २६० जेवणं पुस्तकात कशी येतात? एका वाक्यात येतात. ‘संध्याकाळी अमुक गावी पोचलो. भोजनाची सोय झाली.’

हे वाक्य मला फार दिवस छळतं आहे. पाऊस झाला, उजाडलं, संध्याकाळ झाली, तशीच सोय झाली. कोणी केली? कर्ता कुठाय? वाक्याला कर्ता नाही म्हणून जेवणालाही नाही. फारच आग्रह धरला तर पुढच्या वाक्यात उत्तर मिळतं : ‘मैय्याने दिलं.’ मैय्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण मैय्या कणीक मळत नाही.

बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात की प्रत्येक जमेला एक नावे असते. लुका पॅचिओली नावाच्या इटालियन माणसाने ही पद्धत १४९४ साली पुस्तकात मांडली, आणि तो गृहस्थ बैरागीच होता बरं का! म्हणजे संन्याशाला हिशेब वर्ज्य असतो असं कोणी सांगू नये. आमच्या परिक्रमा-साहित्यात मात्र जमेची बाजू भरगच्च : खिचडी जमा, दाल-बाटी जमा, ताक जमा, घोंगडी जमा. नावे बाजू कोरी. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि ऑडिटर आला की घाम पुसतो. या लेखकांनी एक कायमचं सस्पेन्स खातं उघडलं आहे, त्याला ‘मैय्या’ असं नाव दिलं आहे, आणि तिकडे ऑडिटर फिरकत नाही.

आमच्या हेडकॅशियरसाहेबांची गोष्ट वेगळी. पुढल्या वर्षी निवृत्त झाले की ते परिक्रमेला जाणार आहेत, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये एक यादी आहे. कोणी केली माहीत नाही. हातोहात फिरत आलेली. गाव, मागच्या गावापासूनचं अंतर, आणि पुढे : ‘भोजन-निवास’, ‘सदाव्रत, स्वतः शिजवणे’, ‘फक्त चहा’, ‘शाळेच्या ओसरीत आसन लागते’. आसन लागणं म्हणजे पथारी पसरणं. सदाव्रत म्हणजे शिधा : पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तिखट, थोडं तेल. मोफत, पण चूल आपली आपण पेटवायची. आश्रमात सकाळच्या न्याहारीला बालभोग म्हणतात, आणि माणसं मोजताना ‘कितनी मूर्ति?’ असं विचारतात. चहाच्या सुट्टीत ‘ए, चार मूर्ती आहेत!’ असं मी कँटीनच्या पोऱ्याला ओरडून पाहिलं. त्याने शून्य चहा आणले.

माझं स्पष्ट मत असं, की लेखन म्हणून ही यादी बहुतेक पुस्तकांपेक्षा सरस आहे. ‘फक्त चहा’ या दोन शब्दांत एका गावाची ऐपत आणि दानत दोन्ही आली. ‘स्वतः शिजवणे’ यात वीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. विशेषणं नाहीत, साक्षात्कार नाहीत. पण दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला म्हणजे यादीला तारीख नाही. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७च्या जूनमध्ये बंद झाले, २०१९च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरपर्यंत चढलं, आणि बडवानीच्या बाजूचे किती घाट, देवळं, घरं खाली गेली. यादीत मात्र जुनाच मुक्काम जुन्याच अंतरावर उभा आहे. भोजन-निवास बरोबर, पण पाण्याखाली! आणि जो आश्रम हलला तो कुठे हलला हे निदान शोधता येतं. ज्या घरी ताक मिळायचं ते घर कुठे गेलं, याचा रकाना यादीलाच नाही.

दुसरा दोष पुस्तकांचाच, यादीने उचललेला. त्याचं सांगतो, पण आधी ओंकारेश्वर. गेल्या पौषात आम्ही दोघं तीन दिवस तिथे होतो. परिक्रमा नव्हे, नुसतं दर्शन, सौ.चे गुडघे आणि माझी शिल्लक रजा यांनी मिळून घेतलेला निर्णय. परिक्रमेला निघणाऱ्याला या गावात काय हवं ते सगळं मिळतं. पांढरं कापड, दंड, झोळी, कमंडलू, आणि कमंडलू सांडतो म्हणून फिरकीच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबाही. मुंडन करणारे न्हावी आहेत. कढाई करून देणारे आहेत. कढाई म्हणजे निघण्यापूर्वीचा शिऱ्याचा नैवेद्य आणि कुमारिकांना जेवण. नदी ओलांडायची नसल्यामुळे निघालेला माणूस बेटावरच्या ओंकारेश्वराला जात नाही, अलीकडे ममलेश्वराचं दर्शन घेतो आणि देव समोर दिसत असताना पाठ फिरवून चालू लागतो. राहायला मराठी माणसाचे पाय आपोआप शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासाकडे वळतात. तिथली पावती पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. दिनांक, रक्कम, सही, सगळं जागच्या जागी.

पण हे झालं गाव. गावात दुकान आहे, संस्थान आहे, हिशेब आहे. परिक्रमेतली बहुतेक जेवणं होतात ती गावाबाहेर, जिथे संस्थान नाही तिथे. आम्ही जीप करून मोरटक्क्यावरून पुढे बकावाँपर्यंत गेलो; नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं तिथे घरोघर घडतात. परतताना एका खेड्यात चहाला थांबलो. समोरच्या घराच्या ओसरीवर ‘नर्मदे हर’ म्हणत माणसं येऊन बसत होती. दिवेलागणीपर्यंत अकरा मूर्ती झाल्या.

घरच्या बाई पन्नाशीच्या. त्यांनी कोणाला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. परात काढली. सौ. पदर खोचून आत गेली आणि सातव्या टिक्कडाला तिला हात धरून आदराने बाहेर बसवण्यात आलं. टिक्कड म्हणजे जाड पोळी, आणि तिला ती पोळीसारखी पातळ लाटायची सवय. बाहेर येऊन ती म्हणाली, “एका माणसाला चार, म्हणजे चव्वेचाळीस. वर घरची पाच माणसं. रोज! आणि तुमच्या त्या पुस्तकात काय लिहितात? सोय झाली?”

बायको साहित्यसमीक्षा करू लागली की मी दुकानाकडे सरकतो. शेजारीच किराण्याचं होतं. दुकानदार लाल कापडी वही लिहीत होता आणि परक्याची वही दिसली की माझी मान आपोआप वाकते. त्या घरच्या खात्याचं पान होतं. आटा पाच किलो, तुवर दाल एक किलो, गूळ, चहापत्ती. काही नोंदींपुढे बारीक अक्षरात ‘प’.

“ये ‘प’ क्या है, भैया?”

“परकम्मावासी,” तो म्हणाला. “उनका खाता तो एक ही है साहब, मैं अपनी समझ के लिए लिख लेता हूँ।”

“और पैसा?”

“कपास बिकेगी तब।”

पानावर ‘प’ची संख्या बिगर-‘प’पेक्षा जास्त होती. इतकी वर्षं जी नावे बाजू मी शोधत होतो ती ही. मराठीतल्या सगळ्या परिक्रमावर्णनांत नसलेला कर्ता त्या एका अक्षरात बसला होता.

हेडकॅशियरसाहेबांना हे सांगितलं तर ते नाराज झाले. म्हणाले, “अहो, धर्माचं काम आहे. देणाऱ्यालाच नाव नको असतं. तुम्ही कशाला खतावता?” साहेब माणूस सज्जन, पण इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. नाव नको म्हणण्याचा अधिकार त्या बाईंचा. तो वापरून कोणी लेखकाने त्यांना पुस्तकातून वगळावं, असा मुखत्यारपत्राचा कागद त्यांनी कोणाला करून दिलेला नाही. आणि आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पुस्तकं वाचून जाणारे वाढले, जीपने जाणारे आहेत, बसनेही परिक्रमा होते. काठ तोच, परात तीच.

शूलपाणीच्या झाडीची प्रकरणं काढून पाहा. तिथले भिल्ल परिक्रमावासीयांना लुटायचे, ही जुनी रीत. बऱ्याच वर्णनांत त्या लुटीची यादी आमच्या लॉकरच्या रजिस्टरला लाजवील अशी : घोंगडी कोणत्या रंगाची, तांब्या केवढा, घड्याळ कोणी दिलेलं. आणि त्याच डोंगरात, त्याच लोकांनी, घरात असलेल्यातली अर्धी मक्याची भाकरी मोडून दिली, की पुन्हा आहेच : सोय झाली. म्हणजे नेलं त्याला कर्ता आहे, दिलं त्याला नाही.

अपवाद आहेत. भारती ठाकूर यांनी २००५-०६मध्ये पायी परिक्रमा केली, त्यावर पुस्तकही लिहिलं. पण तेवढ्यावर खातं बंद न करता त्या पुढे निमाडातच राहायला गेल्या आणि काठावरच्या मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला बदलीची ऑर्डर आली तरी ठाण्यापलीकडे जाववत नाही. लेखकाकडून माझी मागणी एका ओळीची आहे, आणि यादीकडून एका जादा रकान्याची. तो कसा भरायचा याचा नमुना मी साहेबांना पाठवून ठेवला आहे :

‘मोरटक्का ते बकावाँ रस्त्यावरील खेडे. मुक्काम ओसरीत, अकरा मूर्ती दाटीने मावतात. टिक्कड, तुरीची डाळ, गूळ. बाई एकट्या करतात. धुराने डोळे लाल. पैसे घेत नाहीत, देऊ नयेत. शेजारी किराणा दुकान आहे. तिथे लाल वही मागावी.’

साहेबांनी अजून निळी खूण केलेली नाही.